नॉमिनीच्या रकान्यातले नाव

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात लखनौ तापू लागले की आमच्या घरात पहाडाच्या गोष्टी सुरू होतात. यंदा बेत नेपाळचा ठरला. गोरखपूरमार्गे सोनौली, तिथून सीमा ओलांडून लुंबिनी आणि पुढे पोखरा. मी, माझे पती, गेल्या नोव्हेंबरात लग्न झालेली मुलगी आणि जावई, अशी चौघांची मोटारीने यात्रा. सेवेत असताना मुख्यालय सोडण्यापूर्वी प्रलंबित नस्त्या एकदा डोळ्यांखालून घालण्याची मला सवय होती. निवृत्तीनंतर नस्त्या संपल्या, सवय उरली. म्हणून एका दुपारी कपाटातली विम्याची फाईल काढून बसले.

माझ्या नावावरची सर्वांत जुनी पॉलिसी १९८७ सालची आहे. आजीवन विम्याची, नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका एजंटाच्या आग्रहाखातर घेतलेली. तिच्यावर नॉमिनी म्हणून माझ्या आईचे नाव आहे. आईला जाऊन १९ वर्षे झाली.

एखाद्या सामान्य विस्मृतीप्रमाणे ही गोष्ट मला हसून सोडून देता आली असती. पण नेमके हेच नाव, याच रकान्यात, एकदा मी दुसऱ्याच्या पॉलिसीवर पाहिले होते आणि त्यापायी एका विधवेचे ११ महिने गेलेले पाहिले होते.

माझा धाकटा भाऊ कानपूरच्या एका खासगी कारखान्यात अभियंता होता. त्याने १९९४ मध्ये पॉलिसी घेतली तेव्हा तो अविवाहित होता. साहजिकच नॉमिनी आई. १९९७ मध्ये त्याचे लग्न झाले, पुढे मुलगा झाला, घर झाले. २००७ मध्ये आई गेली. २००९ च्या मे महिन्यात, सासुरवाडीचे एक लग्न आटोपून परतताना, रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. तेरावा झाल्यावर भावजयीने कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "दीदी, तुम्ही सरकारात आहात, तुम्हीच बघा."

मी पाहिले. सरकारात असण्याचा काहीही उपयोग नव्हता. विमा कायदा १९३८ चा. त्यातील कलम ३९ नुसार विमाधारकाच्या आधी नॉमिनी वारला, तर रक्कम विमाधारकाच्या कायदेशीर वारसांना किंवा वारसा प्रमाणपत्र सादर करणाऱ्याला द्यायची असते. रक्कम मोठी असल्याने कार्यालयाने प्रमाणपत्र मागितले. त्यात त्यांचे काही चुकले असे मी आजही म्हणणार नाही. त्या खुर्चीवर मी असते तर मीही तेच मागितले असते. भारतीय वारसा कायदा १९२५ खाली दिवाणी न्यायालयात अर्ज, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, आक्षेपांसाठी मुदत, न्यायालयीन शुल्क. शिवाय आमच्याकडे जूनमध्ये दिवाणी न्यायालये सुटीवर असतात. घराच्या कर्जाचा हप्ता मात्र सुटीवर जात नाही.

गंमत अशी, आणि हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरते आहे, की त्याच माणसाच्या भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जावरही लग्नाआधीपासून आईचेच नाव होते. तिथले पैसे तीन महिन्यांत मिळाले. १९५२ च्या भविष्यनिर्वाह निधी योजनेत असा नियम आहे की विवाहापूर्वी केलेले नामनिर्देशन विवाहाबरोबर आपोआप रद्द समजले जाते; नवे केले नसेल तर रक्कम कुटुंबीयांत समान वाटली जाते. म्हणजे एकाच लग्नाची दखल एका योजनेने न सांगता घेतली आणि दुसऱ्या कायद्याने सांगूनही घेतली नसती, जोवर विमाधारक स्वतः नाव बदलत नाही. सामान्य नागरिकाला हा फरक कुठून ठाऊक असणार? मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आणि दोन तपांहून अधिक काळ प्रशासनात मुरलेली. मलाही तो भावाच्या मृत्यूनंतरच कळला.

या रकान्याचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण त्याविषयी घरोघरी मोठा गैरसमज आहे. ज्याचे नाव लिहिले त्याचे पैसे, अशी आपली समजूत. सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरबती देवी विरुद्ध उषा देवी या खटल्यात नेमके उलटे सांगितले. नॉमिनी हा केवळ रक्कम स्वीकारणारा हात. तिची मालकी वारसा कायद्याप्रमाणे वारसांची. पुढे २०१५ च्या दुरुस्तीने विमा कायद्यात नवी तरतूद आली. विमाधारकाने आईवडील, पती किंवा पत्नी, अथवा मुले यांपैकी कोणाला नेमले असेल तर तो नॉमिनी केवळ हात नव्हे, लाभाचा हक्कदारही मानला जाईल. हा हक्क वारसा कायद्याच्या कितपत पुढे जातो याबाबत न्यायालयांत आजही वाद होतात. पण विचार करा, आई हयात असती आणि भाऊ या दुरुस्तीनंतर गेला असता, तर लग्नापूर्वीच्या एका सहीमुळे सासू आणि सून एकमेकींसमोर वकील घेऊन उभ्या राहू शकल्या असत्या. आमच्या घरात त्या दोघींनी एका ताटात जेवलेले मी पाहिले आहे.

त्याहून जुना, आणि माझ्या मते अधिक शहाणा, कायदा १८७४ चा आहे. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा. त्याच्या सहाव्या कलमानुसार पतीने पत्नीच्या वा मुलांच्या लाभासाठी म्हणून स्वतःचा विमा उतरवला, तर ती रक्कम त्यांच्यासाठी राखलेला न्यास ठरते. पतीचे सावकारही तिला हात लावू शकत नाहीत. गंमत पुन्हा तीच: हे कलम हिंदू, मुसलमान, शीख आणि जैन कुटुंबांना मद्रासमध्ये १९१३ च्या अखेरीपासून आणि उरलेल्या देशात १ एप्रिल १९२३ पासून लागू झाले. म्हणजे आता शंभर वर्षे उलटून गेली. पॉलिसी घेतानाच तसे नमूद करावे लागते, नंतर करता येत नाही. व्यवसायात कर्ज काढणाऱ्या किती पुरुषांना एजंटाने हे सांगितले असेल, याचा अंदाज मी वाचकांवर सोडते.

१९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ विमा संस्था एका छत्राखाली आल्या आणि विमा शहरांतून खेड्यांकडे निघाला. ते काम मोठेच होते. मी ज्या जिल्ह्यांत काम केले तिथल्या आडगावांतही एजंट सायकलवरून पोहोचलेला होता. पण तो एकदाच पोहोचायचा. घरात नंतर जन्म होत, मृत्यू होत, सुना येत, मुली जात. कागद मात्र पहिल्या दिवशी थांबलेला असे. आपल्या देशात विमा नाही याची चर्चा वारंवार होते. विमा आहे, पण तो आज अस्तित्वात नसलेल्या कुटुंबाचा आहे, याची होत नाही. १० वर्षांहून अधिक काळ कोणी न मागितलेल्या विम्याच्या रकमा नियमानुसार ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होतात. तो निधी चांगल्या कामाचाच आहे. तरीही त्यात असे पैसे असतील ज्यांच्यावर एखाद्या मुलाची फी लिहिलेली होती.

असो. पोखऱ्याकडे वळते.

जावई म्हणाला, "मम्मीजी, आपली गाडी लहान पडेल, माझी घेऊन जाऊ." त्याची गाडी म्हणजे त्याच्या वडिलांची, सात आसनी, सुस्थितीतली. आमचे व्याही जानेवारीत अचानक गेले. मी गाडीचे कागद मागितले तेव्हा त्याने भ्रमणध्वनीवर नूतनीकरणाची पावती दाखवली: मार्चमध्ये विमा भरलेला, पुढच्या मार्चपर्यंत वैध. पावतीवर विमाधारक म्हणून नाव होते व्याह्यांचे. नोंदणी पुस्तकातही तेच. मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, संगणकाने पाठवलेल्या स्मरणसंदेशाला प्रतिसाद म्हणून, मुलाने हप्ता भरला होता. हप्ता घेणाऱ्याने गाडीचा मालक जिवंत आहे का, हे विचारले नव्हते. भरणाऱ्याला ते सांगायचे असते हे माहीत नव्हते.

मोटार विम्याच्या प्रचलित अटींनुसार एकमेव विमाधारक मरण पावला तर पॉलिसी तत्काळ संपत नाही. मृत्यूपासून तीन महिने, किंवा पॉलिसीची मुदत, यांपैकी जे आधी येईल तोवर ती चालते, आणि त्या अवधीत वारसाने गाडी व विमा आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. आमचे तीन महिने एप्रिलमध्येच संपले होते. आणखी एक बाब. सक्तीच्या मोटार विम्याबरोबर १५ लाखांचे जे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते मालक-चालकासाठी असते: गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे आणि ज्याच्याकडे वैध परवाना आहे अशा व्यक्तीसाठी. जावई ती गाडी रोज चालवत होता, आणि त्या १५ लाखांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

त्यावर सीमेचा प्रश्न वेगळाच. महाराजगंज जिल्ह्यात असताना सोनौलीला मी कित्येकदा गेले आहे. उन्हाळी सुटीत आपल्या गाड्यांची लांबच लांब रांग लागते, नेपाळी सीमाशुल्क कार्यालयात 'भन्सार' भरून परवाना घेतला की लोक निश्चिंत मनाने पुढे जातात. भारतातली मोटार पॉलिसी भारताच्या हद्दीपुरती असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या शेजारी देशांपर्यंत ती वाढवून घेता येते, थोडी जादा रक्कम भरून, पण मागितल्याशिवाय नाही. रांगेतल्या कितीजणांनी ती वाढवलेली असे, हे आमच्या कार्यालयाने कधी तपासले नाही. तपासायला हवे होते, असे आता वाटते. त्या वेळी माझे लक्ष तस्करीच्या युरियावर होते.

आरोग्य विम्याचेही तेच. माझे सीजीएचएसचे कार्ड सोनौलीच्या पलीकडे शोभेचे. मुलगी माझ्या कार्डावरून नोकरी लागताच उतरली होती. लग्नानंतर तिने गुरुग्रामची नोकरी सोडली आणि बेंगळुरूची नवी नोकरी जूनमध्ये सुरू होणार. जुन्या कंपनीचा गटविमा तिच्या शेवटच्या दिवशी संपला, नव्या कंपनीचा अजून सुरू व्हायचा आहे. मधले दोन महिने ती कोणाच्याच कागदावर नाही. तिला थायरॉइडचा जुना त्रास आहे. गटविम्यातून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाताना प्रतीक्षाकाळाचे श्रेय मिळते, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आधीपासूनच्या आजारांसाठी हा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्याच्या हप्त्यांवरचा वस्तू व सेवा कर शून्य झाला, ही बातमी मात्र तिला तारखेसकट पाठ होती.

नवी नोकरी लागेल तेव्हा जावयाचे नाव नव्या गटविम्यात ठरलेल्या मुदतीत नोंदव, एवढे तिला बजावले. अशा खिडक्या लग्नानंतर किंवा बाळाच्या जन्मानंतर थोडे दिवसच उघड्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोणाला कागद सुचत नाहीत.

गाडीचा बेत रद्द झाला. गोरखपूरपर्यंत रेल्वे, सीमेपलीकडे नेपाळी टॅक्सी, असे ठरले, आणि चौघांसाठी नेपाळपुरता प्रवास विमा घेतला. तिकीट काढताना ऑनलाइन अर्जात ४५ पैशांचा तो परिचित चौकोन आला. एवढ्याशा रकमेत मृत्यूस १० लाख आणि इस्पितळाच्या खर्चासाठी २ लाखांपर्यंत संरक्षण मिळते. टिक केली की विमा कंपनीचा संदेश येतो, त्यात नॉमिनी भरायचा दुवा असतो. मी तो आजवर कधी उघडला नव्हता. या वेळी उघडला आणि सवयीने पतीचे नाव लिहिले. मग लक्षात आले की ते माझ्या समोरच्याच शायिकेवर असणार आहेत; त्यांनी माझे नाव लिहिले होते. सहकुटुंब प्रवास करणाऱ्या या देशात एकाच डब्यात बसून एकमेकांना नॉमिनी नेमणाऱ्या किती जोड्या असतील! मी ते पुसून भाच्याचे नाव घातले. तोच, भावाचा मुलगा. तो आता २५ वर्षांचा आहे आणि पुण्यात नोकरी करतो.

हा चौकोन फक्त ऑनलाइन तिकिटावर, निश्चित किंवा आरएसी आसन असलेल्याला मिळतो. खिडकीवर रांग लावणाऱ्याला नाही, अनारक्षित डब्यात चढणाऱ्याला नाही. अर्थात रेल्वे कायद्यानुसार अपघातातील मृत्यूस मिळणारी ८ लाखांची भरपाई अधिकृत तिकीट असलेल्या प्रत्येकाला लागू आहे. पण त्यासाठी गेलेला माणूस कोण होता, हे आधी सिद्ध व्हावे लागते. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजार येथे गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि सुमारे २९० माणसे गेली. अनारक्षित डब्यांतल्यांची नावे कोणत्याही तक्त्यावर नव्हती. २८ मृतदेह चार महिने भुवनेश्वरच्या एम्समध्ये राहिले आणि ऑक्टोबरमध्ये कोणी न्यायला आले नाही म्हणून त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले. उन्हाळ्यात पूर्वांचलातून मुंबई, भिवंडी, सुरतेकडे आणि तिथून लग्नसराईसाठी परत येणारी माणसे अशाच डब्यांतून येतात-जातात. माझे ४५ पैसे आणि त्यांचे अनामिकपण एकाच गाडीत असते.

त्यांच्यासाठी म्हणून ज्या दोन योजना आहेत, त्यांचे वर्ष याच महिन्यात संपते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूस २ लाख. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना, वर्षाला ४३६ रुपये, कोणत्याही कारणाने मृत्यू आला तरी २ लाख. दोन्ही १ जून ते ३१ मे. मेच्या अखेरीस बँक खात्यातून हप्ता आपोआप वळता होतो, खात्यात तेवढे पैसे असतील तर. नसतील, तर संरक्षण थांबते. जीवन ज्योतीत पुन्हा नाव घातले, तर पहिले ३० दिवस अपघाताखेरीज अन्य मृत्यूला लाभ नाही. तारखेमागे हिशेबाची सोय असेल. पण जून तोंडावर आलेला, शाळेची पुस्तके, बी-बियाणे, नुकतीच झालेली लग्ने. गरिबाचे खाते वर्षात सर्वांत रिकामे असण्याचा हा पंधरवडा आहे. ही तारीख ठरवणाऱ्या टेबलाभोवती मी बसले असते, तर हे तेव्हा मला सुचले असते का, याचीही खात्री देत नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई बाराबंकी जिल्ह्यातली. नवरा भिवंडीला यंत्रमागावर. माझी फाईल पसरलेली पाहून तिने विचारले, "दीदी, एवढे कागद कसले?" मी सांगितले, आणि तिचे पासबुक आणायला सांगितले. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या पिशवीतून ते आले. २०१९ च्या मेअखेर १२ रुपये वजा. २०२२ मध्ये २० रुपये वजा, कारण त्या वर्षी हप्ता वाढला. २०२३ मध्येही २०. त्यापुढे तशी ओळ नाही. २०२४ च्या मेअखेर शिल्लक होती ११ रुपये ४० पैसे. त्याच महिन्यात दिराचे लग्न झाले होते. दोन वर्षे ती स्वतःला विमा आहे असे समजून लखनौच्या रस्त्यांवरून सायकल चालवत होती.

सोमवारी ती सुटी घेऊन आपल्या शाखेत गेली. दोन्ही योजनांचे अर्ज भरले, खात्यात ५०० रुपये ठेवले. संध्याकाळी आली तेव्हा पावत्या माझ्यापुढे ठेवल्या. बँकेतल्या मुलीने नॉमिनी विचारल्यावर तिने आधी नवऱ्याचे नाव सांगितले होते, म्हणाली. मग तिने विचारले की मुलीचे चालेल का. मुलगी १२ वर्षांची आहे. अज्ञान नॉमिनीसाठी रक्कम स्वीकारणारा एक सज्ञान माणूस नेमावा लागतो. नवऱ्याचे लिहू का, असे त्या मुलीने विचारले. हिने थोडा वेळ विचार केला आणि आपल्या बहिणीचे नाव सांगितले.

पावतीवर ते स्पष्ट छापलेले होते. मी तिला चहा दिला आणि माझा, १९८७ च्या पॉलिसीचा नाव बदलण्याचा अर्ज भरायला घेतला.